पशुधन, पंचनामा आणि समाज



अतिवृष्टी, गारपीट किंवा दुष्काळ आला की पहिला प्रश्न विचारला जातो तो पिकांचा. किती हेक्टर ऊस आडवा झाला, किती कांदा सडला, हेक्टरी किती रुपये जाहीर झाले, यावर अग्रलेख लिहिले जातात आणि विधिमंडळात चर्चा झडते. ते योग्यच आहे. परंतु ज्या कुटुंबाकडे मोजायला हेक्टरच नाहीत, ज्याची सारी मत्ता चार पायांवर उभी असते, त्याचे काय होते हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. शासनाची आपत्ती मदत पशुपालकापर्यंत कशी पोहोचते, कोठे अडते आणि ती पोहोचावी यासाठी समाजाने काय करावयाचे, हा आजच्या विवेचनाचा विषय आहे. उदाहरणादाखल अहिल्यानगर जिल्ह्यातील संगमनेर तालुका डोळ्यांसमोर ठेवावा. पशुपालनाची जवळपास सर्व रूपे या एका तालुक्यात पाहावयास मिळतात.

एका तालुक्यातील दोन मुलूख

प्रवरेच्या काठचा संगमनेर हिरवा आहे. येथे ऊस आहे, घास आहे आणि दारात संकरित गाय आहे. सहकारी दूध संघाने या भागात गावोगावी दूध संकलनाचे जाळे विणले. उसाचे पैसे वर्षाने येतात, पण दुधाचा पगार दर दहा दिवसांनी हातात पडतो. मुलांची फी, दवाखाना, किराणा हे सारे त्या पगारावर चालते.

याच तालुक्याचा दुसरा मुलूख म्हणजे घारगाव, साकूर, बोटा यांचा पठार भाग आणि तळेगाव दिघे परिसरातील कोरडवाहू गावे. निळवंडे धरणाच्या कालव्यांत पाणी सोडण्याची चाचणी मे २०२३ मध्ये झाली. तोपर्यंत तळेगाव भागातील गावांनी कालव्याची कित्येक दशके केवळ वाट पाहिली. पाऊस बेभरवशाचा असल्यामुळे या मुलखात शेळी आणि मेंढी हाच खरा आधार. ‘संगमनेरी’ या नावाने देशभर ओळखली जाणारी शेळीची जात याच भूमीची देणगी आहे. दूध आणि मांस या दोहोंसाठी उपयुक्त असलेल्या या जातीच्या संवर्धनाचे काम राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात चालते. मेंढपाळ धनगर कुटुंबे मात्र पठारावर बारमाही राहू शकत नाहीत. पावसाळ्यात माळावर चराई करायची आणि दिवाळीनंतर बिऱ्हाड घोड्यावर लादून चाऱ्याच्या शोधात जुन्नर, आंबेगाव किंवा कोकणच्या दिशेने निघायचे, हा त्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा क्रम आहे. वाटेत शेतकरी आपल्या रानात खतासाठी मेंढ्या बसवतात. ज्याच्या शेतात वाडा बसला, त्याची जमीन कसदार झाली. भटकंती करणारा मेंढपाळ आणि स्थिर शेतकरी यांचे हे नाते आपल्या ग्रामव्यवस्थेचा जुना पाया आहे.

डिसेंबर २०२१ ची रात्र

हा क्रम चालू असतानाच १ डिसेंबर २०२१ रोजी अवकाळी पावसाने पश्चिम महाराष्ट्राला गाठले. पावसाबरोबर बोचरा वारा होता. त्या एक-दोन दिवसांत पुणे जिल्ह्यातील जुन्नर, आंबेगाव आणि तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील पारनेर, संगमनेर, अकोले या पट्ट्यात मेंढ्या गारठून मेल्या. मृत मेंढ्यांची संख्या हजारांत गेली.

मेंढीच्या अंगावर लोकर असते, मग ती थंडीने कशी मरेल, असे शहरातील माणसाला वाटते. लोकर कोरडी असेपर्यंतच ऊब देते. ती भिजली की पाणी धरून ठेवते, जड होते, आणि वारा लागला की अंगातील उष्णता वेगाने निघून जाते. वाघरीच्या जाळीत, उघड्या रानात, चिखलात रात्रभर उभ्या असलेल्या कळपाला आडोसा नसतो. पहिला बळी कोकरांचा आणि गाभण मेंढ्यांचा जातो. जी वाचतात त्यांना पुढील आठवड्यात फुफ्फुसदाह गाठतो. म्हणजे आपत्ती एका रात्रीत संपत नाही. पंचनामा होऊन गेल्यानंतरही मेंढ्या मरत राहतात आणि त्या कोणत्याही यादीत येत नाहीत.

त्या पहाटेच्या मेंढपाळापुढे दोन कर्तव्ये एकाच वेळी उभी होती. मेलेल्या मेंढ्या जागेवर राखून अधिकाऱ्यांची वाट पाहायची, कारण मृतदेह दिसल्याशिवाय नोंद होत नाही. आणि जिवंत मेंढ्या तातडीने कोरड्या जागी हलवायच्या, कारण त्या थांबल्या तर त्याही मरणार. घरात कर्ती माणसे दोन, आणि त्यांतील एकीच्या कडेवर लेकरू. कोणी कोठे थांबावे? आपत्ती मदतीच्या नियमांचा विचार या प्रश्नापासून सुरू करावा लागतो.

मदतीचे गणित

आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ साली झाला. त्यानुसार प्रत्येक राज्यात आपत्ती प्रतिसाद निधी आहे. महाराष्ट्रासारख्या राज्यांत त्यातील ७५ टक्के वाटा केंद्राचा आणि २५ टक्के राज्याचा असतो. कोणत्या हानीला किती मदत द्यावयाची याचे निकष केंद्र सरकार ठरवते. २०२२ ते २०२६ या काळासाठी ठरलेल्या निकषांत दुधाळ गाय किंवा म्हैस दगावल्यास ३७,५०० रुपये, ओढकाम करणारा बैल दगावल्यास ३२,००० रुपये, वासरासाठी २०,००० रुपये, शेळी किंवा मेंढीसाठी ४,००० रुपये आणि कोंबडीमागे १०० रुपये अशी तरतूद करण्यात आली. त्याआधीच्या निकषांत गाईला ३०,००० आणि मेंढीला ३,००० रुपये होते. वाढ झाली हे मान्य केले पाहिजे.

अवकाळी पाऊस केंद्राच्या मूळ आपत्तींच्या यादीत नव्हता. महाराष्ट्राने अवेळी पाऊस, वीज कोसळणे यांसारख्या घटनांना राज्याची स्थानिक आपत्ती म्हणून स्थान दिले, म्हणून अशा नुकसानीला मदतीचे दार उघडले. ही राज्याची दूरदृष्टीच म्हणावी लागेल.

आता दुसरी बाजू पाहू. केंद्राच्या निकषांत संख्येची मर्यादा आहे. एका कुटुंबाची कितीही जनावरे दगावली तरी मोठी दुधाळ जनावरे तीन किंवा लहान दुधाळ जनावरे तीस, एवढ्यांचीच मदत मिळणार. तीन गाईंचे १,१२,५०० रुपये होतात आणि तीस मेंढ्यांचे १,२०,००० रुपये. ज्याच्या दावणीला दोन गाई आहेत त्याला ही मर्यादा आड येत नाही. परंतु मेंढपाळाचा कळप शंभर-दीडशेचा असतो, आणि गारठा कळपातून तीसच निवडून नेत नाही. ऐंशी मेंढ्या मेल्या तर पन्नास मेंढ्यांची हानी कागदावर उमटतच नाही.

ऑक्टोबर २०२५ मध्ये अतिवृष्टी आणि पुराने ग्रस्त शेतकऱ्यांसाठी राज्य शासनाने मोठी मदत जाहीर केली, तेव्हा तीन जनावरांची अट काढून टाकण्यात आली. या निर्णयाचे स्वागत करावयास हवे. परंतु तो एका विशिष्ट आपत्तीपुरता निर्णय होता. जे एका वर्षी न्याय्य ठरले ते पुढच्या अवकाळी पावसातही न्याय्यच असेल. म्हणून ही सवलत कायमच्या नियमात उतरली पाहिजे, आणि तिचा लाभ लहान जनावरांनाही मिळाला पाहिजे.

रकमेचाही विचार करावा. दिवसाला बारा लिटर दूध देणारी गाय आणि तीस रुपये लिटरचा दर धरला, तर दिवसाला ३६० रुपये होतात. ३७,५०० रुपये म्हणजे त्या गाईच्या सुमारे साडेतीन महिन्यांच्या दुधाची किंमत. चांगली संकरित गाय बाजारात याच्या दुपटीहून अधिक किमतीला मिळते. उरलेली रक्कम कोठून येते? सावकाराकडून, सोसायटीतून किंवा बायकोच्या मंगळसूत्रातून.

बिबट्या आणि पाऊस

उसाच्या फडांत बिबट्याचा वावर हा संगमनेर-अकोले पट्ट्यातील नित्याचा अनुभव आहे. वन्य प्राण्याने जनावर मारले तर वन विभाग भरपाई देतो. २०२२ च्या शासन निर्णयानुसार गाय, म्हैस किंवा बैल यांसाठी बाजारभावाच्या ७५ टक्के किंवा ७०,००० रुपये यांपैकी कमी असेल ती रक्कम, आणि शेळी-मेंढीसाठी बाजारभावाच्या ७५ टक्के किंवा १५,००० रुपये यांपैकी कमी असेल ती रक्कम मिळते.

याचा अर्थ नीट समजून घ्यावा. एकाच वाड्यातील दोन शेळ्या. पहिली बिबट्याने नेली, दुसरी त्याच आठवड्यात अवकाळी पावसात गारठून मेली. पहिलीचे मोल बाजारभावाशी जोडले जाते, दुसरीचे मोल ४,००० रुपयांवर थांबते. मालक तोच, शेळीची जात तीच, कुटुंबाचे नुकसानही सारखेच. वनविभागाचा नियम उदार आहे अशी तक्रार कोणी करणार नाही. त्या नियमामागे विचार आहे: नुकसान झालेल्या माणसाला वन्य प्राण्याविषयी वैर वाटू नये, यासाठी भरपाई खऱ्या किमतीच्या जवळ असावी. हाच विचार पावसाच्या बाबतीत का लागू होऊ नये? आपत्तीनंतर माणसाला स्वतःच्या व्यवसायाविषयीच वैराग्य आले, मेंढरे विकून तो शहराच्या कडेला मजुरीला गेला, तर ती हानी बिबट्याविषयीच्या वैराहून लहान नाही.

कागदाची वाट

मदतीची रक्कम ठरली तरी ती हातात पडण्याआधी कागदाची वाट चालावी लागते. जनावर दगावल्याची खबर द्यायची. पशुधन विकास अधिकाऱ्याने तपासणी किंवा शवविच्छेदन करून मृत्यूचे कारण प्रमाणित करायचे. तलाठी आणि ग्रामसेवक यांनी पंचनामा करायचा. या पदांची नावे २०२४ मध्ये बदलून ग्राम महसूल अधिकारी आणि ग्रामपंचायत अधिकारी अशी झाली, परंतु गाव अजूनही त्यांना जुन्याच नावांनी हाक मारते. मग यादी तहसील कार्यालयात जाते, आधार प्रमाणीकरण होते आणि पैसे थेट बँक खात्यात जमा होतात. थेट जमा होण्यामुळे मधली गळती थांबली, हा मोठा लाभ आहे.

या साखळीची पहिली कडी आता जनावराच्या कानात आहे. १ जून २०२४ पासून राज्यात पशुधनाच्या कानाला बारा अंकी क्रमांकाचा बिल्ला असणे बंधनकारक झाले. बिल्ला नसलेले जनावर नैसर्गिक आपत्तीत, विजेच्या धक्क्याने किंवा वन्य प्राण्याच्या हल्ल्यात दगावले तर भरपाई मिळणार नाही, असे शासन निर्णय सांगतो. निर्णयामागील हेतू चांगला आहे. रोगांचा माग लागतो, चोरीला आळा बसतो, खोट्या दाव्यांना जागा राहत नाही.

परंतु नियम ज्याला समोर ठेवून लिहिला जातो तो बहुधा दारात दावण असलेला शेतकरी असतो. त्याचे गाव ठरलेले, दवाखाना ठरलेला, तलाठी ओळखीचा. दूध संघाच्या संकलन केंद्रावर रोजच्या दुधाची नोंद असते, म्हणून त्याच्याकडे गाय होती हे सिद्ध करायला साक्षीदार शोधावा लागत नाही. मेंढपाळाजवळ यांतील काहीच नसते. मूळ गाव संगमनेरच्या पठारावर, आपत्तीच्या दिवशी तळ जुन्नरच्या एखाद्या शिवारात. तेथील तलाठ्याला तो अनोळखी, आणि इथल्या तलाठ्याला मृत मेंढ्या दिसलेल्या नाहीत. काटेरी झुडपांत चरताना कानातला बिल्ला निसटतो. आधारला जोडलेला मोबाइल क्रमांक दोन वर्षांपूर्वीच बंद पडलेला असतो. नियमाने त्याला वगळलेले नाही, तरीही तो वगळला जातो.

साथ आणि दुष्काळ

२०२२ मध्ये लम्पी त्वचारोगाची साथ आली. राजस्थान आणि गुजरातमध्ये थैमान घालून ती ऑगस्टमध्ये जळगाव जिल्ह्यातून महाराष्ट्रात शिरली आणि अहमदनगर जिल्ह्यालाही तिची झळ बसली. तेव्हा राज्य शासनाने मोफत लसीकरण हाती घेतले आणि दगावलेल्या दुधाळ जनावरास ३०,०००, बैलास २५,००० आणि वासरास १६,००० रुपये असे साहाय्य दिले. इच्छा असेल तर शासनयंत्रणा वेगाने हलू शकते, हे त्या वेळी दिसले. गावोगावच्या तरुणांनी गोठे फवारले, पशुवैद्यकांबरोबर फिरून लसीकरणासाठी जनावरे धरली. शासन आणि समाज यांचे हात एकत्र आले की काय होते, त्याचे हे उदाहरण.

दुष्काळाची गोष्ट वेगळी आहे. दुष्काळात गाय एका रात्रीत मरत नाही. ती आधी आटते, मग हडकते, मग बाजारात निम्म्या किमतीला विकली जाते. विकलेल्या गाईचा पंचनामा होत नाही. म्हणून दुष्काळात मदतीचे रूप चारा छावणीचे असते. २०१८-१९ च्या दुष्काळात बीड आणि अहमदनगर हे सर्वाधिक छावण्यांचे जिल्हे होते. केंद्राच्या तेव्हाच्या निकषात मोठ्या जनावरामागे दिवसाला ७० रुपये होते. राज्याने ती रक्कम टप्प्याटप्प्याने वाढवत मे २०१९ मध्ये १०० रुपयांवर नेली. त्या छावण्यांनी गोधन वाचवले. परंतु छावणी म्हणजे मोठ्या जनावरांचे जग, आणि घरातील एक माणूस महिनोन्‌महिने तेथे राहू शकेल अशाच कुटुंबाची ती सोय. शेळ्या-मेंढ्यांसाठी दर ठरले तरी चरत्या कळपाला एका जागी बांधून ठेवणारी व्यवस्था मेंढपाळाच्या जीवनक्रमाशी जुळत नाही. त्याला हवी असते चालत्या वाटेवरची चाऱ्याची आणि पाण्याची सोय.

मदतीमागील तत्त्व

ही सारी चर्चा रुपयांची वाटेल, पण तिच्या मुळाशी एक तत्त्व आहे, आणि ते आपल्या परंपरेत स्पष्टपणे मांडलेले आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात अग्नी, जल, व्याधी, दुर्भिक्ष इत्यादी आठ महाभयांची गणना आहे आणि त्यांचे निवारण हे राजाचे कर्तव्य मानले आहे. छत्रपती शिवाजी महाराजांनी १६७६ मध्ये प्रभावळीचे सुभेदार रामाजी अनंत यांना लिहिलेले पत्र प्रसिद्ध आहे. सुभेदाराने गावोगाव फिरावे, ज्याच्या अंगी कष्टाची ताकद आहे पण बैल नाहीत, दाणे नाहीत, अशा कुणब्याला बैलांसाठी पैसा आणि पोटाला धान्य द्यावे, आणि मुद्दल तेवढे त्याच्या ऐपतीप्रमाणे सावकाश परत घ्यावे, असा त्या पत्राचा आशय आहे.

या आज्ञेतील दोन गोष्टी आजही मार्गदर्शक आहेत. अधिकाऱ्याने गावी जायचे आहे, रयतेने त्याच्याकडे हेलपाटे घालायचे नाहीत. आणि मदतीचा हेतू माणसाला पुन्हा कामावर उभे करणे हा आहे. जोडीतला एक बैल गेला म्हणून अर्ध्या बैलाची किंमत दिली, तर नांगर चालत नाही.

लोकमान्य टिळकांनी १८९६ च्या दुष्काळात दुसरा धडा घालून दिला. इंग्रज सरकारने स्वतःच दुष्काळाचे नियम लिहून ठेवले होते, पण शेतकऱ्याला ते ठाऊक नव्हते. टिळकांनी ‘केसरी’तून आणि सार्वजनिक सभेच्या कार्यकर्त्यांकरवी ते नियम गावागावांत पोहोचवले. कायद्यातच जे देय आहे ते निर्भयपणे मागा, ही त्यांची शिकवण होती. परकीय सत्तेच्या काळात जर हे करता आले, तर स्वराज्यात ते न करण्याचे काही कारण नाही.

कार्यकर्त्यांपुढील काम

धोरण बदलण्यासाठी आग्रह धरलाच पाहिजे: लहान जनावरांची मर्यादा जावी, मदतीचा दर बाजारभावाशी जोडला जावा, जेथे मेंढरू मेले तेथील पंचनामा मूळ गावी विनातक्रार ग्राह्य धरला जावा. पण धोरण बदलेपर्यंत थांबण्याची गरज नाही. पंचनाम्याच्या दिवशी जे कमी पडते, ते बहुतेक सारे आपत्तीच्या आधीच करून ठेवता येते.

आपल्या गावातील मेंढपाळ कुटुंबांची यादी प्रत्येक शाखेच्या वा मंडळाच्या कार्यकर्त्यांजवळ असावी. दिवाळीपूर्वी, वाडा गाव सोडण्याच्या आधी, पशुवैद्यकीय दवाखान्याच्या साहाय्याने बिल्ले तपासून घ्यावेत, निसटलेले पुन्हा लावून घ्यावेत. आधार, बँक खाते आणि चालू मोबाइल क्रमांक जुळवून द्यावेत. पशुधन विम्यात केंद्राच्या २०२४ च्या निर्णयानंतर पशुपालकाला हप्त्याचा केवळ १५ टक्के वाटा भरावा लागतो. ही गोष्ट किती मेंढपाळांना माहीत आहे, याचा शोध एका रविवारी घेता येईल. फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा १९६२ हा क्रमांक वाड्यावरच्या प्रत्येक मोबाइलमध्ये असावा.

ज्या गावांच्या शिवारात बाहेरचे वाडे उतरतात, तेथील कार्यकर्त्यांचे काम वेगळे. अवकाळी पावसाचा इशारा आला की वाड्यावर जाऊन सांगावे. शाळेची पडवी, मंदिराचा सभामंडप, रिकामी कांदाचाळ कोकरांसाठी आणि गाभण मेंढ्यांसाठी उघडून द्यावी. आणि दुर्दैवाने घात झालाच, तर मेलेल्या जनावरांपाशी गावातील दोन तरुणांनी उभे राहावे, बिल्ल्यांसह छायाचित्रे घ्यावीत, तलाठ्याला बोलावून आणावे, म्हणजे मेंढपाळाला आपला जिवंत कळप घेऊन कोरड्या जागी जाता येईल. ‘कोणी कोठे थांबावे’ या प्रश्नाचे उत्तर शासन निर्णयात सापडत नाही. ते गावाने द्यायचे असते.

ज्या जिल्ह्यातील चौंडी गावी १७२५ साली पुण्यश्लोक अहिल्यादेवींचा जन्म झाला, त्या जिल्ह्याने आता त्यांचे नाव धारण केले आहे. अहिल्यादेवींनी देशभर घाट, विहिरी आणि धर्मशाळा बांधल्या त्या वाटेवरच्या माणसासाठी, ज्याचे त्या गावात कोणी नाही त्याच्यासाठी. त्यांच्या नावाच्या जिल्ह्यात वाटेवरच्या मेंढपाळाला पावसाच्या रात्री आडोसा आणि सकाळी साक्षीदार मिळावा, एवढी अपेक्षा फार मोठी नाही. येत्या दिवाळीत वाडे पुन्हा पठारावरून खाली उतरतील. त्याआधी यादी तयार असली पाहिजे.